इतवारीतल्या पाटवड्या

मंडळी, राजकन्येच्या कथा लिहिण्यात माझा हात धरणारा अख्ख्या नागपुरात कोणी नव्हता! छापणाराही कोणी नव्हता, ते सोडा.

आमच्या मासिकाचे संपादक कृष्णकांत वयाने माझ्याहून लहान, अजून बिनलग्नाचे, पण जीभ भारी तिखट. माझी ताजी राजकन्या परत करताना ते म्हणाले, "वामनराव, राजवाडे पुरे! इतवारीत जाऊन बसा. माणसं काय खातात, कशी भांडतात ते बघा. पावलोपावली कथा सापडेल!"

"महिन्याभरात आणतो!" मी छाती काढून म्हणालो. "नाही आणली, तर लेखणी मोडून टाकीन!"

इतवारीत मी संत्र्यांचे दलाल महादेवराव यांचं घर हेरलं. तिथल्या नवराबायकोचं भांडण चौकापर्यंत ऐकू जातं, अशी त्या घराची ख्याती! रोज कचेरी सुटली की मी समोरच्या ओट्यावर बसू लागलो. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारू लागलो, "यांच्याकडे स्वयंपाक कोण करतं? आधी कोण चिडतं? मुलगी स्वभावानं कशी आहे?"

तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं. अशा दिवसांत, उपवर मुलीच्या दारासमोर बसून असले प्रश्न विचारणारा माणूस कोण असतो, हे इतवारीत शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळलं नाही!

आणि भांडण? छे! महादेवराव स्वतः पाणी भरू लागले. भिंतींना चुना लागला. मनकर्णाबाईंनी मला हाक मारली, "थंडीत बाहेर काहून बसून राहिले, भाऊ? घरात या नं!" पुढ्यात पाटवडीचा रस्सा आला.

"आमच्या घरी आवाज चढत नाही! विचारा कोणालेही!" महादेवराव इतक्या जोरात म्हणाले की कौलांवरची कबुतरं उडाली.

दुसऱ्या दिवशी गोळाभात. मग पुन्हा पाटवड्या. पोट वाढत होतं, कथा मात्र ओळभर सरकत नव्हती!

एकदा पाणी द्यायला त्यांची गोपिका आली आणि हळूच म्हणाली, "काका, पोरगा करते तरी काय?"

"कोणता पोरगा?"

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे तुम्ही चौकशीले नाही आले?"

मी खरं ते सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "बाबानं साऱ्या मोहल्ल्यात सांगून ठेवलं. आता सोयरीक नाही झाली, तर लोक म्हणतीन पोरीतच खोट आहे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं! मग डोळे पुसून तीच कडाडली, "पोरगा नसन, तर आणा! नाहीतर पाटवड्या परत करा!"

पाटवड्या परत करणं आता शक्य नव्हतं. मी थेट कृष्णकांतांकडे धावलो. "कथा सापडली! पण अर्धीच. पुढची बघायला तुम्ही चला!"

बिचारे कथेसाठी आले. त्यांना पाटावर बसवून पुढे पोहे ठेवले, तेव्हा आपण मुलगी बघायला आलो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलं. गोपिकेने तर त्यांनाच विचारलं, "काकाइच्या गोष्टी काहून छापत नाही तुम्ही?"

"त्यात खरी माणसं नसतात."

"आणि तुम्ही? खरी माणसं पाहाले आजच घराबाहेर निघाले का?"

संपादकांनी खाली मान घालून पोह्यांची बशी चाटूनपुसून संपवली! परतताना सीताबर्डीला त्यांनी माझी बाही धरली. मग हळूच म्हणाले, "वामनराव, त्या घरची आणखी थोडी चौकशी करता का?"

घराणी जुळली आणि माघात लग्न लागलं. मांडवात पंगतीवरून महादेवराव आणि मनकर्णाबाई असे भांडले, असे भांडले, की सनईवाले वाजवायचे थांबले! मला आनंदाने भरून आलं. घरी जाऊन एका बैठकीत सगळी कथा लिहिली.

कृष्णकांतांनी आपल्या घरी ती वाचली. "अप्रतिम! तुमची सर्वांत चांगली कथा! पण सासऱ्यांचं भांडण छापू कसं?" त्यांनी कागद आत बायकोकडे पाठवले. थोड्या वेळाने गोपिकाच बाहेर आली, कागद आणि वर वाटीभर पाटवड्या घेऊन.

"काका, गोष्ट मस्त आहे! पण आमच्या घरी आवाज चढत नाही."

लेखणी मात्र मी मोडलेली नाही. नवीन राजकन्या लिहायला घेतली आहे. ही पाटवड्या करते आणि भल्याभल्यांना गप्प बसवते. बघू, राजवाड्यात तरी हिला कोणी ओळखत नाही ना!