लुगडं नेसून रोम

रोममध्ये सत्यभामा मॅडमना पहिला राग आला तो सकाळीच, हॉटेलच्या दारात. वणीच्या एका कॉलेजात त्या इतिहास शिकवायच्या आणि विद्यार्थ्यांची ही सहल त्यांच्याच जबाबदारीवर निघाली होती. निघण्याआधी प्रत्येक तासाला त्यांनी बजावलं होतं, की तिथल्या चर्चमध्ये गुडघे आणि खांदे झाकलेले लागतात, हाफपॅन्ट कोणी आणायची नाही. आणि आता अमर, कपिल आणि बबलू हे तिघेही हाफपॅन्टवर उभे होते. सहलीसाठी यवतमाळहून खास घेतलेल्या, गुडघ्याच्या चांगल्या वीतभर वर.

"मॅडम, इकडं सारेच घालून राह्यले," अमर म्हणाला.

"ते इथलेच आहेत. तू वणीचा आहेस." राग वाढला की मॅडमची पुस्तकी मराठी सुटायची. "तुले मी काय सांगतलं होतं? अन् तरी काहून घातली?"

बस दारात उभी होती, कपडे बदलायला वेळ नव्हता. मॅडम धुसफुसतच बसमध्ये चढल्या. सकाळभर त्यांनी जुने खांब, कमानी आणि कारंजी समजावून सांगितली आणि तिघांनी त्या प्रत्येकापुढे एक पाय पुढे टाकून फोटो काढले. पडक्या भिंतींकडे पाहून बबलूने विचारलं, की एवढे लोक तिकीट काढून येतात तर दुरुस्ती काहून नाही केली. मॅडम पुढच्या खांबाकडे चालू लागल्या.

दुपारी सगळे एका जुन्या, प्रचंड चर्चपाशी पोचले. मॅडमच्या मनात सहल म्हणजे हे चर्चच होतं. वर्षानुवर्षं फळ्यावर खडूने त्याचा घुमट काढून त्यांनी मुलांना शिकवलं होतं. घुमटाखाली उभं राहून एकदा वर पाहायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

दारावरच्या उंच रखवालदाराने तिघांच्या गुडघ्यांकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. मॅडमना क्षणभर बरंच वाटलं. पण मग तो शेजारच्या सोबत्याला काहीतरी बोलला आणि दोघेही हसले. तिथे मॅडमचा राग मुलांवरून उठला आणि रखवालदारावर जाऊन बसला. या गुडघ्यांवरून पोरांना बोलायचा हक्क त्यांचा होता, दुसऱ्या कोणाचा नव्हता.

"खुशी, बॅग उघड," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी तिथल्या एका कॉलेजात सहलीतल्या मुलींचा नाच होता. त्यासाठीची नऊवारी लुगडी खुशीच्या बॅगेत होती. खुशीने सांगून पाहिलं, की आत्ताच इस्त्री केली आहे, शिवाय ही पोरं घामेजलेली आहेत. मॅडमनी ऐकलं नाही. चर्चच्या पायऱ्यांवरच त्यांनी तिघांना ओळीने उभं केलं, लुगडी दुहेरी करून कमरेभोवती गुंडाळली आणि वर पक्क्या गाठी मारल्या. अमरला हिरवं, बबलूला जांभळं, कपिलला जरीकाठाचं लाल. रांगेतले लोक मोबाइल काढून शूटिंग करू लागले. तिघांचे कान लाल झाले.

रखवालदाराने खालून वर पाहिलं. गुडघे तर झाकलेले होते. त्याने निमूट हात बाजूला केला. मुलं आत गेली, मुली गेल्या. मॅडमही ताठ मानेने निघाल्या, तोच त्याने हात पुन्हा आडवा केला आणि मॅडमच्या कमरेकडे, साडी आणि पोलक्याच्या मधल्या चार बोटांच्या जागेकडे, बोट दाखवलं.

मॅडमना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या एक पाऊल पुढे सरकल्या. मागे राहिलेल्या निकिताने हळूच सुचवलं, की पदर नुसता लपेटून घ्या, सोडेल तो.

"लपेटणार नाही," मॅडम म्हणाल्या. "माह्या आजीनं अशीच साडी नेसून जन्म काढला. तिले कोणी देवळाच्या दारात अडवलं नाही. हा कोण लागून गेला?"

मग त्यांनी रखवालदाराला साडी समजावून सांगितली. आधी इंग्रजीत, मग हिंदीत, शेवटी वऱ्हाडीत. त्याचे उघडे दंड दाखवले, समोरच्या पुतळ्याच्या अंगावर तर काहीच नाही, हेही दाखवलं. निकिता त्यांचा पदर ओढत होती आणि मॅडम तो झटकत होत्या. बोलणं ऐन रंगात आलं असताना आत घंटा वाजली आणि प्रार्थनेची वेळ झाली म्हणून दार बंद झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना रोम सोडायचं होतं.

तासाभराने मुलं बाहेर आली तेव्हा मॅडम पायरीवर बसल्या होत्या. तेव्हापासून मॅडम त्या तिघांशी एक शब्दही बोलल्या नाहीत.

परतल्यावर आठवड्याभरात वणीच्या एका पेपरात तिघांचा चर्चमधल्या बाकापाशी काढलेला फोटो छापून आला. वर मथळा होता, ‘रोममध्ये वऱ्हाडी लुगड्याचा मान’. कॉलेजने लगेच सत्कार ठेवला. मॅडमना पहिल्या रांगेत बसवून प्राचार्य सदाशिवरावांनी तिघांच्या खांद्यावर शाली घातल्या. चर्च आतून कसं होतं, असं प्रमुख पाहुण्यांनी विचारलं तेव्हा अमर खरं तेच बोलला.

"वर पाह्यलंच नाही जी. गाठ सुटन म्हणून नजर खालीच होती."

पाहुण्यांनी माइक ओढून घेतला. परक्या देवापुढेही ज्यांची नजर झुकते, ती आपल्या मातीची पोरं, असं ते म्हणाले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

मॅडम उठल्या आणि सरळ कँटीनमध्ये जाऊन बसल्या. चहा येतो तोच शाल सावरत कपिल समोर येऊन उभा राहिला. मॅडमनी तोंड फिरवलं.

"मॅडम, मी पाह्यला घुमट," तो म्हणाला. "माही गाठ आत गेल्याबरोबरच सुटली. मंग मी बाकावर जे बसलो, ते उठलोच नाही. तासभर वरच पाहत होतो."

"मग आजवर सांगितलं काहून नाही?"

"तुमी बोलूनच नव्हत्या राह्यल्या."

 मॅडमनी पायाने समोरची खुर्ची पुढे सरकवली.

"बस," त्या म्हणाल्या. "दारातून आत गेलास तिथून सांग. अन् लुगड्याचं मधात आणू नको."