लढाऊ विमान, सप्रेम भेट

जगात वस्तू दोनच प्रकारच्या असतात: ज्यांच्यावर नाव घातलेलं असतं त्या, आणि ज्या गेलेल्या असतात त्या. तिसरा प्रकार शास्त्राला अजून सापडलेला नाही.

चौसाळ्याच्या केशरबाईंना हे लहानपणापासून ठाऊक होतं. तेव्हा पितळी तांब्यावर कासार छिन्नीने ठिपक्याठिपक्यांनी नाव काढायचा आणि एका नावाला तंबाखूच्या दोन चिमटी संपवायचा. पुढे स्टील आलं, विजेवर घरघरणारी लेखणी आली, अक्षर बिघडलं; पण नाव राहिलं. गावात लग्न निघालं की घरोघरची भांडी मांडवात जात, आणि मांडव उतरला की केशरबाईंची सगळी परत येत. (इतरांचीही काही त्यांच्यासोबत येत. तो भाग पुढे आहे.)

त्यांचा मुलगा नवनाथ बीडला एका कचेरीत जाऊन-येऊन नोकरी करत असे आणि घरी विमानं बनवत असे.

विमानं खरी नव्हेत. संगणकावर लढाऊ विमान उडवण्याची एक सोय असते, तिला सिम्युलेटर म्हणतात. (खेळ म्हटलेलं त्या लोकांना चालत नाही, ते बोलणं बंद करतात.) कंपनीने जी विमानं दिलेली नसतात ती हौशी माणसं घरी बनवतात आणि जगाला फुकट वाटतात. त्याला मॉड म्हणतात. नवनाथने आपल्या हवाई दलातून केव्हाच निवृत्त झालेलं ‘मरुत’ बनवलं. त्याला दोन वर्षं लागली. त्या काळात न्हाणीतला नळ गळत होता. तो अजून गळतो.

देशोदेशीच्या नऊ हजार लोकांनी मरुत उतरवून घेतलं. चौदा जणांनी आभार मानले. त्यांतल्या अकरा जणांनी आभारांच्या पुढच्याच ओळीत, डाव्या पंखावरचा एक खिळा चुकीच्या जागी असल्याचं कळवलं. नवनाथ त्या चौदा जणांवर महिनाभर खूश होता. या कामात मोबदल्याची पद्धत नाही. विमानाच्या माहितीखाली ‘बनवणारा: नवनाथ, चौसाळा’ अशी एक ओळ असते, तीच कमाई.

मग ती ओळ गेली. उमापूरचा राधाकिशन हा नवनाथचा मित्र. चाकं नीट आत जातात का, एवढं त्याने पाहून दिलं होतं. त्याने तेच विमान दुसऱ्या संकेतस्थळावर स्वतःच्या नावाने टाकलं. लोक राधाकिशनचे आभार मानू लागले. खिळ्याची तक्रारही त्याच्याकडेच करू लागले, आणि हे नवनाथला जास्त लागलं. त्याने जेवण सोडलं.

“कावून जेवंना ह्यो?” केशरबाईंनी सुनेला विचारलं.

“इमान चोरीला गेलं, आत्या,” अंजली म्हणाली.

“कुठं लावलं व्हतं?”

“कॉम्प्युटरातच हाय अजून. तरी गेलं म्हणत्यात.”

केशरबाईंनी मुलाला समोर बसवलं. “नाव घातलं व्हतं का?”

“खाली लिहिलतं की, आई.”

“खाली म्हंजी कागदावर. इमानावर घातलं व्हतं का?”

“इमानावर कोण नाव घालतंय?”

“मग रड.”

थोडं रडून झाल्यावर सुधारित आवृत्तीचं काम हाती घेण्यात आलं. उजव्या पंखावर नवनाथचं ठसठशीत नाव आलं. “आन् एक बुडाला बी घाल,” केशरबाई म्हणाल्या. “वरचं घासून जातंय. बुडाला कोण बघतंय?” म्हणून वैमानिकाच्या खुर्चीखाली मजकूर कोरण्यात आला: ‘कै. माणिकराव यांच्या स्मरणार्थ, श्रीमती केशरबाईंकडून सप्रेम भेट.’ (माणिकराव म्हणजे नवनाथचे वडील. भेट कुणाला, हे लिहायची पद्धत नाही.)

इथपर्यंत सगळं रीतसर होतं. पण बातमी फुटली आणि नवनाथचे चुलते आप्पाराव आले.

“दादाचं नाव घातलं, लई चांगलं केलं. पर माझं कावून न्हाई? का मेल्यावरच घालता?”

आप्पारावांना डावा पंख मिळाला. चुकलेला खिळा त्यांच्या नावाखाली झाकला गेला, हा एक तांत्रिक लाभ. मग मामांना शेपूट द्यावं लागलं, तरुण मंडळाला नाक, भावकीला पोट. मानाचा क्रम लग्नपत्रिकेप्रमाणे लावला, त्यामुळे भांडणंही लग्नाइतकीच झाली. फक्त बॉम्ब कुणी घेईना. ‘टाकला की नाव गेलं’ हा आक्षेप बिनतोड होता. शेवटी बॉम्ब नवनाथच्या सासरवाडीला देण्यात आले. (अंजली आठवडाभर माहेरी जाऊन राहिली.)

एवढी नावं संगणकाला झेपेनात. विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत जायचं आणि तिथंच थिजायचं. गावाचं मात्र समाधान झालं. “उडालं असतं तर नावं वाचाया कुठं गावली असती?” आप्पाराव म्हणाले.

राधाकिशनने तेही उचललं. त्याने वरचं एकूण एक नाव घासून काढलं, विमान हलकं झालं आणि उडालं. जगाने त्याचंच पसंत केलं.

नवनाथने सिम्युलेटरवाल्यांच्या पंचांकडे दाद मागितली. पंच तीन, तीन देशांतले, एकमेकांना कधी न भेटलेले. त्यामुळे त्यांच्यात एकमत असे. नवनाथ आणि राधाकिशन दोघंही म्हणत होते की विमान माझं. पंचांचा कल राधाकिशनकडे झुकू लागला, कारण त्याचं उडत होतं.

“बुडाला बघा म्हणावं त्यास्नी,” केशरबाई म्हणाल्या.

पंचांनी राधाकिशनच्या विमानातली खुर्ची उलटी केली. खालची अक्षरं त्यांना वाचता येईनात, म्हणून त्यांनी अर्थ दोघांना वेगवेगळा विचारला. राधाकिशनला वाचता आलं, पण माणिकराव आपले कोण, हे सांगता आलं नाही. विमान नवनाथचं ठरलं. राधाकिशनने हलकं केलेलं मरुतच आता नवनाथच्या नावावर जगभर उडतं. (गावाला हे कळवलेलं नाही. गावाला दाखवायचं विमान वेगळं आहे.)

राधाकिशन माफी मागायला चौसाळ्याला आला. केशरबाईंनी पोहे दिले. ते त्याने खाली मान घालून संपवले आणि एकदा अद्दल घडलेली असल्याने ताटली उलटी करून पाहिली.

“काकू, ही तर कुणा दगडाबाईंची हाय.”

“हाय की. माझी जाऊ. तिच्या संगीताच्या लग्नातली.”

“संगीताची पोरगी कॉलेजात हाय आता, आई,” नवनाथ म्हणाला.

“मग? मी कुठं माझी म्हणते? नाव तिचंच हाय अजून. मी काय घासलं का?”

नाव घासतो तोच चोर, हे राधाकिशनलाही पटलं.

वाचकांनी यातून बोध घेण्याची घाई करू नये. आधी स्वयंपाकघरात जाऊन मांडणीवरच्या वाट्या एकेक करून उलट्या कराव्यात. परक्या नावाची निघाली, तर निदान घासू नये. दगडाबाईंच्या पाच वाट्या अजून सापडायच्या आहेत.