दोन तालुक्यांचा नातू

गौतमी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, केडगावपलीकडच्या वाडीवर आली, तेव्हा तिच्या वडिलांना, हरिबांना, वाटलं होतं, डिंकाचे लाडू झाले की आपण सुटलो. पण बाळाच्या दीड महिन्याच्या लसीचा दिवस उजाडला आणि उपकेंद्रातल्या पूनम सिस्टरनी टॅबवर बोट फिरवून मान हलवली.

"आबा, ह्याचं नाव सासरच्या यादीत हाय. शिरूर तालुक्यात."

"नाव तिकडं असंल, टोचायची मांडी तर हितं आणलीया ना?"

"लस डोकी मोजून येती. समद्या माहेरवाशिणींची पोरं टोचली तर आमच्या पोरांना काय टोचू?"

हरिबांनी जर्मनीतल्या मुलाला, मल्हारला, फोन लावून तो सिस्टरच्या कानाशी धरला. "मॅडम, इकडं पेशंट शेजारच्या देशात जाऊन इलाज घेतो. हक्क हाय त्याचा. खर्च त्याचा देश देतो."

"मग शिरूरला सांगा, एक डोस पाठवा," सिस्टर म्हणाल्या. "आबा, नाव हिकडं दौंड तालुक्यात घ्यायचा अर्ज देऊन जा. बघते."

अर्ज खरडून, वैतागून हरिबांनी लेकीला आणि बाळाला घेऊन जीप काढली ती थेट तिच्या सासरी, निमोण्याकडं. वाडीवर त्यांची बायको, धुरपदाबाई, आडव्या आल्या. "पोरीच्या पाठवणीची साडी आणली न्हाई अजून, पाळणा न्हाई. टोचून माघारी आणा. तिकडंच ठिवून आलात, तर दार उघडायची न्हाई!"

विहीणबाईंना चुकवून गुपचूप टोचून परतायचं, असा बेत होता. पण गौतमीनं नवऱ्याला कळवलेलं, नवऱ्यानं आईला. विहीणबाई, गिताबाई, भाकरतुकडा घेऊन तिथल्या उपकेंद्राच्या पायरीवरच उभ्या. ओवाळून झालं, बाळ पदराखाली गेलं.

"विहीणबाई, नुसती सुई टोचायला आलोय..."

"व्हय, व्हय. बॅगा कुठंयत?"

आतून ज्ञानेश्वरी सिस्टर म्हणाल्या, "आबा, नाव तर तासाभरापूर्वी दौंडला गेलं. अर्ज दिला कुणी?"

"मीच," हरिबा म्हणाले, आणि त्यांनी कपाळ चोळलं.

"टोचते मी. पण 'पाहुणा' म्हणून लिहावं लागंल."

सुई टोचली. बाळानं टाहो फोडला. त्याच्याहून मोठा गिताबाईंनी. "पाहुणा? माझा नातू, माझ्याच गावात?"

"दौंडनं नाव सोडलं तरच बदलंल, मावशी."

"मग चला दौंडला!" बाळाला घेऊन गिताबाई जीपमध्ये चढल्यासुद्धा. "नाव हातात मिळाल्याबिगर मी तिथनं हलायची न्हाई!"

वाडीवर धुरपदाबाईंनी दार उघडलं. लेक दिसली, हायसं वाटलं. मग मागून पिशवी घेऊन उतरणाऱ्या विहीणबाई दिसल्या. धुरपदाबाईंनी नवऱ्याला बाजूला ओढलं.

"ह्या नाव घेतल्याबिगर हलायच्या न्हाईत म्हणत्यात. कवा बदलायचं ते?"

"वाटंत पूनमबाईंना इचारलं," हरिबा पुटपुटले. "म्हणल्या, पुढल्या लशीला बघू. म्हंजी... महिन्यानं."