लिंबाजी उस्तादाचा मोडका टॅप

आमच्या शेजारचा लिंबाजी उस्ताद चहात साखर ढवळायचा तीसुद्धा एक फेरा पुढं आणि अर्धा मागं. कुलपात किल्ली फिरवताना तेच, नळ उघडताना तेच. हैदराबादेत, नल्लकुंट्यातल्या आमच्या गल्लीत हा माणूस हुशार समजला जायचा. मला तो ठार वेडा वाटायचा आणि तसं मी त्याला तोंडावर सांगत असे.

तो सिकंदराबादला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. लोखंडाच्या भोकात आटे पाडायचे ते टॅपनं, म्हणजे आटे कोरलेल्या एका पोलादी कांडीनं. ती नुसती पुढं रेटली की कीस अडकून मोडते, म्हणून दर फेऱ्याला अर्धा फेरा मागं घ्यायची. एवढीशी गोष्ट, पण उस्तादानं तिचं वेदवाक्य करून ठेवलं होतं. माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी असोत की राज्यांची फेररचना, याचं आपलं एकच, "भाऊसाहेब, एक पुढं, अर्धा मागं. हल्लू हल्लू."

त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर येऊन बसायचा आणि दोन कप चहा होईपर्यंत माझ्याशी भांडायचा. दिवसभर तेलुगू आणि उर्दू, मराठी काय ती आमच्याकडेच. तेही "कायकू घाई करायलाव?" असलं मराठी.

अशात हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. गल्लीतली दुसरी दोन मराठी घरं मराठवाड्यात निघून गेली. मग मलाही औरंगाबादच्या कचेरीत हजर होण्याचा हुकूम आला. रेल्वेवाल्याला कसला हुकूम, तो इथंच राहणार होता.

माझ्याकडे सासऱ्यांनी दिलेली जुनी मोटार होती. औरंगाबादेत उतरायचं ते मोटारीतूनच, असं मी मनाशी धरलं होतं. इंजिनातल्या एका बोल्टाच्या भोकातले आटे गेले होते. ते नव्यानं पाडायला उस्ताद रविवारी टॅप घेऊन बसला. मी शेजारी उभा राहून त्याला हुकुमाची बातमी दिली. पुढच्या एक तारखेला हजर व्हायचंय, म्हटलं. तो टॅप फिरवत राहिला. पुढं, पुढं, पुढं. कट्टकन आवाज आला आणि टॅप आतच मोडला. नखाएवढं टोक तेवढं वर राहिलं.

जन्मभर लोकांना अक्कल शिकवली आणि ऐन वेळी स्वतःच विसरला. मी म्हटलं, "उस्ताद, कारखान्यात तोंड दाखवू नका आता."

"निघल की. घासलेट सोडून ठेवू."

मग तीन रविवार नुसता तमाशा. घासलेट झालं, स्टोव्हची आच झाली, टॅपच्या खाचांत घालायला आमच्या हिच्या सुया झाल्या. दर वेळी उस्ताद मान हलवून म्हणायचा, "लई धरून बसलाय." आणि आमची ही, त्या कर्तबगारीबद्दल त्याला गरम भाकरी वाढायची. मी नाही नाही ते बोललो. एवढ्या वेळात मी नवं इंजिन ओतलं असतं, असंही म्हणालो. तो खाली मान घालून आणखी चहा मागायचा.

शेवटच्या रविवारी तो बारीक तार आणायला कोठीच्या बाजारात गेला. निघायला दोन दिवस उरले होते. माझं डोकं फिरलं. पक्कड घेतली आणि मीच इंजिनावर वाकलो. पकडीची गरजच पडली नाही. दोन बोटांत धरून फिरवल्याबरोबर तुकडा अल्लद बाहेर आला. त्याला ताजं तेल लावलेलं होतं.

म्हणजे तो कधीच सुटला होता. उस्ताद दर रविवारी त्याला पुन्हा आत बसवत होता.

तुकडा हातात धरून मी मोटारीच्या पायरीवर बसलो. शिव्या ओठांवर होत्या. मग मनात आलं, परवापासून हा भांडणार कुणाशी? माझं स्वतःचं तरी तिकडं कोण होतं भांडायला.

मी तुकडा परत आत बसवला. एक पुढं, अर्धा मागं.

उस्ताद तार घेऊन आला, तेव्हा मी म्हटलं, "राहू द्या, नाही निघायचा तो. आम्ही रेल्वेनं जातो. मोटार असू द्या तुमच्याकडं."

त्यानं टोकाला बोट लावून पाहिलं. मी ते त्याच्यापेक्षा घट्ट बसवलं होतं. आणलेली तार त्यानं गुंडाळून खिशात टाकली.

"वरीस तरी लागल, भाऊसाहेब," तो म्हणाला. "अधनंमधनं येऊन बघावं लागल तुम्हाला."

मी म्हटलं, येईन.