अकरा खंडींच्या घंटेची बखर

श्रीशेषास नमन, की जो पृथ्वीचा भार वाहतो आणि वाकत नाही. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजितनाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी, या राज्यात जे वर्तले ते लिहितो. महाराजांनी अकरा खंडींची घंटा ओतविली, आणि ती उंच लोखंडी स्तंभावर चढवावी ऐसे मनी आणिले, मग शिवदेवपंत गणक यांस आज्ञा जाहली की, स्तंभ किती भारास वाकेल ते सांगणे. पंतांनी युक्ती योजिली: भार खाली उतरता जे श्रम करितो, आणि स्तंभ वाकता अंगी जो जोर साठवितो, ही दोन्ही पारडी समान होतील तो भार निर्वाणीचा. परंतु वाकल्या स्तंभाचा आकार आधी कल्पावा लागतो. पंतांचा जन्म मुजरे करण्यात गेला. वाकणे म्हणजे नखशिखांत सारखे वाकणे, ऐसाच त्यांचा समज. तोच आकार धरिला आणि बारा खंडी सांगोन मोकळे जाहले. महाराज संतोषले, शालजोडी दिधली.

मग घंटा चढविण्याचे दिवशी नगारे वाजो लागले, आणि रयत स्तंभाखाली दाटली, आणि पंतांची दृष्टी चोपदाराकडे गेली. तो स्थूल गृहस्थ वेताच्या छडीवर रेलला होता. छडी मध्ये वाकली, टोके मात्र सरळच. पंतांस आपली चूक उमगली. स्तंभाची टोकेही उखळीत नुसती टेकलेली, फिरावयास मोकळी. तेथे वाक कैचा? खोटा आकार धरिला म्हणजे स्तंभ आहे त्याहून बळकट दिसतो! मनातल्या मनात पुन्हा हिशेब मांडिला, तो दहाचे आत आला. बोलावे तर कडेलोट, न बोलावे तर रयत चिरडते. इतक्यात दोरांनी घंटा उचलली, आणि पंतांस राहवेना, मग शालजोडी सांभाळीत धावले आणि ओरडले, "थांबवा! महाराज, आमचा आकडा चुकला!"

महाराज कोपले. "मग खरा आकडा किती?"

"खरा स्तंभासच ठाऊक, महाराज. या रीतीने अदमास खऱ्याहून चढाच येतो, उणा कधी येत नाही. आता दहाचे आत येतो."

"उत्तम. नऊ खंडींची ओतवितो. ती चढेल तेव्हा खाली तुम्ही एकटे उभे राहाल."

पंतांनी हात जोडिले. "महाराज... आठ बरी."

मग आठ खंडींची ओतिली, आणि ती चढली, आणि पंत खाली रामनाम जपत उभे राहिले. स्तंभ वाकला नाही, पंत मात्र मुजऱ्यास वाकले. येणेप्रमाणे वर्तमान जाहले. तेव्हापासोन या राज्यात जो आकडा सांगेल त्याने खाली उभे राहावे ऐसा शिरस्ता पडला, आणि आकडे फार लहान येऊ लागले.