विमलताईंच्या बेसनातले पतंग

"अवो, इकडं या आधी! हे काय हाय?"

सकाळी मिलचं दार उघडल्याबरोबर विमलताईंनी अशी हाक मारली की शेजारच्या आपल्या वावरात उभे असलेले त्यांचे यजमान भगवानराव तोंडातली काडी टाकून धावत आले. बेसनाच्या पोत्यांवर टांगलेल्या सापळ्याची पिशवी विमलताईंनी हातात धरली होती. तिच्यात करडे पतंग गच्च भरले होते.

"पतंग हायेत," भगवानराव म्हणाले.

"थे मले दिसून राह्यलं! आले कुठून?"

"मिलमध्ये हायेत, म्हनजे मिलमधलेच असतील."

आता अशा माणसाशी बोलायचं तरी काय?

महागावजवळच्या या छोट्या मिलमध्ये विमलताई हरभऱ्याची डाळ आणि बेसन करायच्या. माल उत्तम, पण जायचा आठवडी बाजारापुरता. आता कुठे नागपूरच्या एका मोठ्या दुकानवाल्यांनी त्यांचं बेसन घ्यायची तयारी दाखवली होती. तपासणीला आलेल्या सुरभी मॅडमनी सगळं पाहिलं, मान डोलावली आणि जाताना अट घातली. भिंतीच्या कडेनं उंदरांसाठी चिकट पाट्या ठेवा, वर पतंगांसाठी कामगंध सापळे टांगा, आणि जे सापडेल ते हात न लावता तसंच राहू द्या. पुढच्या खेपेला ते पाहूनच काय ते ठरणार होतं.

कामगंध सापळ्यात मादीच्या वासाची एक रबरी गोळी असते. त्या वासाला भुलून त्याच जातीचे नर येतात आणि पिशवीत पडतात. हे यवतमाळ जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, कारण बोंडअळीपायी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरावावरात हे सापळे उभे असतात. म्हणून विमलताईंनी मॅडमनी सांगितलेल्या खास गोळ्या नागपूरहून मागवल्या आणि लावायचं काम नवऱ्यावर सोपवलं. शिकलेल्या, हुशार बाईनं असं का करावं, देव जाणे.

तर पतंग. विमलताईंनी पदर खोचला आणि कामावरच्या नंदाबाईला घेऊन अख्खी मिल धुऊन काढली. पोती उन्हात टाकली. सगळं बेसन पुन्हा चाळलं. चाळणीत ना अळी, ना जाळं, काहीच नाही. मग म्हणाल्या, हवा खेळू दे. खिडक्यांच्या सैल झालेल्या जाळ्याही काढून धुतल्या आणि खिडक्या रात्रभर सताड उघड्या ठेवल्या.

सकाळी पिशव्या तुडुंब.

"ताई, आपन जेवढं झाडून राह्यलो, तेवढे हे वाढून राह्यले," नंदाबाई रडकुंडीला आली. "आता नका झाडू बाप्पा."

अशा वेळी भगवानरावांनी गप्प बसावं की नाही? पण नाही. त्यांच्या वावरातले सापळे रिकामे होते. एक पतंग नाही! रिकाम्या पिशवीचा फोटो ते रोज गावाच्या ग्रुपवर टाकायचे आणि खाली लिहायचे, 'बोंडअळीमुक्त वावर. फवारणीची गरज नाही.' आज ते फोटो दाखवायला खास मिलमध्ये आले.

"पाह्य विमल, वावर असून एवढं साफ. तुही मिल तं बंद खोली हाय. साफसफाई ठेवा लागते, मानसानं लक्ष द्या लागते..."

बोलता बोलता त्यांचा पाय उंदराच्या चिकट पाटीवर पडला. त्यांनी ओढून पाहिलं, तर चप्पल हलेना.

"आता हे काढून तं दे!"

"मॅडमनी सांगतलं, जे सापडलं थे तसंच ठेवा," विमलताई दात ओठ खात म्हणाल्या. भगवानराव एका पायात चप्पल घालून घरी गेले.

सुरभी मॅडम आल्या तेव्हा विमलताईंनी पिशव्या लपवल्या नाहीत. त्यांचा तो स्वभावच नव्हता. "गेलं सगळं," एवढंच नंदाबाईच्या कानात म्हणाल्या आणि डोळे पुसले. पाहायला म्हणून भगवानरावही नव्या चपला घालून हजर होतेच.

मॅडमनी चाळणी पाहिली, पोत्यांच्या शिवणी उसवून पाहिल्या, मग भिंग काढून एक पतंग बराच वेळ न्याहाळला.

"ताई, हे बेसनातले नाहीतच."

"मंग?"

"कपाशीतले आहेत. गुलाबी बोंडअळीचे पतंग." मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. "हे शेत कोणाचं?"

भगवानराव छताकडे पाहू लागले.

"अवो," विमलताईंचा आवाज एकदम हळू झाला, म्हणजे आता खैर नव्हती. "सापळ्यात गोळी कोनती लावली तुमी?"

"कामगंधाचीच! घरी उरलेल्या होत्या ना पऱ्हाटीच्या..."

"आन म्या नागपूरहून आनलेल्या?"

"थ्या भारीच्या होत्या. म्या म्हनलं, बेसनाले कायले एवढी भारी गोळी? पऱ्हाटीले लावल्या."

विमलताई मटकन पोत्यावर बसल्या. नंदाबाईनं तोंडात पदर कोंबला. कपाशीच्या गोळीनं सगळ्या वावरातले पतंग मिलमध्ये ओढून आणले होते, आणि वावरात हा गृहस्थ बेसनातल्या पतंगांची वाट पाहत फोटो काढत होता!

"मिल स्वच्छ आहे," मॅडम हसू दाबत म्हणाल्या. "पाट्यांवर एका चपलेशिवाय काही नाही. योग्य गोळ्या आजच लावा, जाळ्या बसवा आणि पहिला माल पाठवा. फक्त गोळ्या तुम्ही स्वतः लावा."

"आता दुसऱ्याच्या हाती देईन तं शपथ!" विमलताई म्हणाल्या.

संध्याकाळी स्टुलावर चढून त्या गोळी लावत होत्या. खिडकीबाहेर भगवानराव गमबूट घालून, तोंडाला फडकं बांधून, पाठीवर पंप घेऊन पऱ्हाटीत शिरत होते. शेजारचे वामनराव दोन वावरांमधल्या धुऱ्यावर थांबले.

"काय भगवानराव? बोंडअळी नाही म्हनत होते ना तुमी? म्या तुमच्या भरवशावर फवारलं नाही!"

"काय सांगू वामनराव," भगवानरावांनी फडकं खाली केलं. "आमच्या हिच्या मिलमधले पतंग घुसले ना वावरात!"

विमलताई स्टुलावरून खाली उतरल्या. तुडुंब पिशवीचा फोटो काढला, गावाच्या ग्रुपवर टाकला, खाली गोळ्यांच्या अदलाबदलीची हकिगत दोन ओळींत लिहिली आणि खिडकी धाडकन लावून घेतली.

धुऱ्यावर दोन्ही फोन एकदम वाजले. भगवानरावांचे हात पंपात गुंतले होते, म्हणून वामनरावांनीच चष्मा लावला आणि सगळ्या वावराला ऐकू जाईल असं वाचायला सुरुवात केली.