सुरडकरांचं नाक

सुरडकर गल्लीत शिरायच्या आधी त्यांचं नाक शिरायचं. दर घरापाशी थबकणार, हुंगणार आणि विचारणार, "काय हो बाई, आज फोडणी कायची?" आम्ही सुना पदरात तोंड लपवून हसायचो. खादाड मेला!

होते ते देवी टोचणारे. धामणगाव बढ्याहून सायकलवर यायचे, तेही ऐन स्वयंपाकाच्या वेळेला. त्यातली गोम सगळ्यांत आधी मी ओळखली. मी फार शहाणी ना! घरात देवी आल्या की फोडणी बंद, तेल तडतडलं तर अंगात आलेल्या देवीआईला चटके बसतात म्हणे. लोक रोगी लपवायचे. पण ज्या घरून फोडणीचा वास नाही, तिथं सुरडकर सुईसकट हजर.

माझ्या नणंदेला, शांताला देवी आल्या. सासूबाई म्हणाल्या, "घरात सुई आली तं आई कोपन. त्या नाकाड्याले येऊ देऊ नको." मी कढई घेऊन गोठ्यात गेले. तीन दगड मांडले, तेल तापवलं, मोहरी-लसूण टाकला. म्हैस शिंकली. बाहेर सुरडकर थांबले, "वा, लसणाची!" म्हणाले आणि सायकलवर टांग मारून गेले. आम्ही सासू-सुना पोट धरून हसलो.

शांता वाचली. पंधरा दिवसांनी शेजारच्या रुखमाच्या तान्ह्या लेकराला देवी आल्या. लेकरू जगलं, एक डोळा गेला. आमचं बिंग तेव्हा फुटलं, पण अर्धंच: शांताच्या देवी गल्लीला कळल्या, गोठ्यातली फोडणी नाही.

सुरडकर धावत आले, अख्खी गल्ली टोचून काढली. रुखमा त्यांच्याच अंगावर गेली, "गावभर हुंगत फिरता, अन् शेजारची देवी नाही समजली तुमाले?"

"माझंच नाक चुकलं, माय," ते म्हणाले.

जाताना माझ्याकडे पाणी मागितलं. हळूच म्हणाले, "सूनबाई, त्या फोडणीत शेणाचा वास होता. मले तवाच समजाले पायजे होतं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंड उघडलं नाही.

पुढं देवीचा रोगच देशातून गेला. बऱ्याच वर्षांनी हिय्या करून मी धामणगावला त्यांच्या घरी गेले, माफी मागायला. बोलायच्या आधीच त्यांनी जेवायला बसवलं. वरण पांढरं, भाजी नुसती उकडलेली.

"आमच्या घरी फोडणी नसते," ते म्हणाले. चुलीपुढं पाठ करून बसलेल्या बायकोला ऐकू जाऊ नये, इतक्या हळू. "मी गावोगाव टोचत फिरलो, अन् घरची पोरगी राहून गेली. देवीनं नेली. हिले वाटते, पोरगी अजून घरातच निजली हाये, तिले चटके बसतीन." मग जरा हसले. "तुमच्याकडं आज कायची होती, सूनबाई?"

ताटातलं सगळं संपवून मी उठले.

घरी आले ती सरळ रुखमाच्या दारात. तिच्या चुलीवर मोहरी तडतडत होती.

"रुखमे," मी म्हटलं, "सुरडकराचं नाक चुकलं नव्हतं."